अंगावर काढलेला ताप

पारा झटकून दादानं थर्मामीटर वहिनीच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "लावून बघ जरा, चालतोय का."

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॉलेजसाठी दादाकडे राहत होतो. पुतण्या अडीच वर्षांचा. त्याला सारखा खोकला, सारखा ताप, म्हणून दादानं मेडिकलमधून काचेचा नवा थर्मामीटर आणला होता. मुलाला लावण्याआधी तो नीट चालतो की नाही, हे बघायचं होतं. वहिनी भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून तिनं नुसतं तोंड उघडलं. जिभेखाली नळी घेऊन तिनं तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवलं, ती उलटली, पुढचा गोळा मळायला घेतला. दोन-तीन मिनिटांनी दादानं नळी दिव्याखाली नेली. पारा शंभराच्या पुढं दोन रेघा चढला होता.

"चुलीपाशी बसलीय ना, म्हणून दाखवत असेल," दादा म्हणाला. मग त्यानं नळी धुतली, झटकली आणि स्वतःच्या तोंडात धरली. पारा अठ्ठ्याण्णवावर थांबला. "हां, आता बरोबर दाखवतोय." थर्मामीटर डबीत गेला, डबी कपाटात गेली.

मी तिथंच पुस्तक घेऊन बसलो होतो. वहिनीनं माझ्याकडं बघितलं असावं, कारण ती आपणहून म्हणाली, "काही नाही हो भावजी, जरा कणकण असते संध्याकाळची." मी मान हलवली आणि पान उलटलं.

त्यानंतर चार महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा एक्स-रे काढला. क्षय होता. तिच्या मांडीवर वाढणाऱ्या मुलालाही क्षयाच्या औषधाखाली ठेवावं लागलं. घरात थर्मामीटर होता, त्यानं खरं सांगितलं होतं. आम्ही तिघांनीही ते खोटं ठरवलं. तिघांमध्ये मी वहिनीलाही धरतो, कारण स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवायचा नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तो धडा तिला कुणी दिला आणि आजही घरोघर तो का गिरवला जातो, हे विचारण्यासाठी हा लेख आहे.

मराठीत आपण दुखणं "अंगावर काढतो". ज्याला इलाज आहे असं दुखणं इलाजाविना सोसणं, एवढाच या शब्दांचा अर्थ. पण ते म्हणताना आपल्या आवाजात कौतुक असतं. "आमच्या आईनं कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही." "अंगात एकशे दोन ताप होता, तरी पंक्तीला वाढत होती." श्राद्धाच्या जेवणानंतर, निरोप समारंभात, शोकसभेत अशी वाक्यं मी शेकड्यानं ऐकली आहेत. अंगात एकशे दोन ताप असताना तिला पंक्तीला वाढायला लावणारे कोण होते, असं विचारणारा माणूस मात्र एकाही सभेत भेटला नाही. पंक्तीत जेवायला बसलेले सगळे त्या गुन्ह्यातले भागीदार होते आणि आज तेच तिच्या सोशिकपणाचे पोवाडे गातात.

आपल्या भाषेत ताप म्हणजे ज्वर आणि ताप म्हणजे कटकटही. कमावत्या पुरुषाच्या अंगातला ताप हा ज्वर असतो, त्यासाठी रजा असते, मऊ भात असतो, कपाळावर मीठ-पाण्याची पट्टी असते. सुनेच्या अंगातला ताप हा घरादाराच्या डोक्याला ताप असतो. तिला पडून राहावं लागलं तर स्वयंपाक कोण करणार, म्हाताऱ्यांचं कोण बघणार, मुलांचे डबे कोण भरणार? म्हणून तिचा ताप मोजायचाच नाही. आकडा कळला की जबाबदारी येते, आणि आपल्याला ती नको असते.

हा आकडा आला कुठून, तेही पाहू. जर्मनीतल्या लायप्झिग शहरात कार्ल वुंडरलिश नावाचा डॉक्टर होता. त्यानं सुमारे पंचवीस हजार रुग्णांचं तापमान पुन्हापुन्हा मोजलं आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत पाव तास धरून ठेवावा लागे. निरोगी माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हे माप त्याच्यापासून रूढ झालं. पण त्याची खरी शिकवण वेगळी होती. ताप हा स्वतः रोग नाही, तो रोगाची खूण आहे, आणि त्याचा दिवसागणिक आलेख काढला तर आतल्या दुखण्याची चाल कळते, हे त्यानं दाखवलं. त्या काळी इस्पितळातले गरिबातले गरीब रुग्णही या मोजमापात आले. एका माणसाचा ताप मोजायला पाव तास थांबायची त्या डॉक्टरची तयारी होती. आज डिजिटल थर्मामीटर मिनिटाभरात आकडा देतो आणि तरी आपल्याला वेळ मिळत नाही.

९८.६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. १९९२ साली अमेरिकेत १४८ निरोगी माणसांची तपासणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ भरली. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या अमेरिकन पुरुषांपेक्षा आजच्या पुरुषांचं अंग अर्ध्या अंश सेल्सिअसहून अधिक थंड निघालं. क्षयासारखे वर्षानुवर्षं धुमसणारे संसर्ग तेव्हा घरोघर होते आणि आता ते कमी झाले, हे त्याचं एक कारण असावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एखाद्या समाजाचं आरोग्य त्याच्या अंगाच्या उबेतही उमटतं. शिवाय प्रत्येकाचं तापमान दिवसभर हलत असतं. पहाटे ते सगळ्यात कमी असतं, संध्याकाळी चढतं, आणि हा फरक अर्ध्या अंश सेल्सिअसपर्यंत जातो. बाईच्या शरीरात मासिक चक्राच्या उत्तरार्धात तेवढीच वाढ होते आणि पाळी आली की उतरते. "बायकांचं अंग गरमच असतं," हे घरातलं ठरलेलं उत्तर याच अर्धवट ज्ञानावर उभं आहे. महिन्यातले काही दिवस पाव-अर्धा अंश चढणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे रोज दिवेलागणीला कणकण येऊन रात्री घाम फुटणं वेगळं. हा फरक ओळखायला डॉक्टर लागत नाही. तिला ताप आहे का, असं विचारणारं माणूस लागतं.

ताप हा शरीराचा शत्रूही नाही. जंतू शिरले की मेंदूतलं तापमानाचं केंद्र आपली पातळी मुद्दाम वर नेतं. म्हणून आधी हुडहुडी भरते, पांघरूण घ्यावंसं वाटतं. त्या वाढलेल्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि शरीराची संरक्षक फौज जोमानं कामाला लागते. पण ही लढाई फुकट होत नाही. एक अंश सेल्सिअस ताप चढला की शरीराचा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून तापात विश्रांती, पाणी आणि हलकं अन्न लागतं. आपण काय करतो? पॅरासिटामॉलची गोळी देतो आणि पाठवतो कामावर. गोळीनं पारा उतरतो, अंगदुखी थांबते. त्या औषधाचं ते काम आहे आणि ते चोख करतं. आतला रोग मात्र जागेवर असतो. कोतवालाला झोपवलं म्हणून घरात शिरलेला चोर निघून जात नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना "गोळी घेऊन ये, पण ये" म्हणणारी शिकलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या स्वतःच्या मुलाला नव्व्याण्णव भरलं तरी शाळेत चिठ्ठी जाते.

दुसऱ्याचं दुखणं आपलं मानायला या भूमीत कुणी शिकवलंच नव्हतं, असं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. बाईचं दुखणं बाईला सांगता यावं म्हणून त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीसही पूर्ण न होता वारल्या. पुढं दहाच वर्षांनी पुण्यात प्लेग आला. अंग तापलेल्या माणसाला घरचेच हात लावेनात, तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या माळावर आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं. त्याच प्लेगनं १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साठी ओलांडलेल्या बाईनं परक्याच्या मुलाचा ताप आपल्या पाठीवर वाहिला. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि आपल्याच घरातल्या बाईच्या कपाळाला हात लावायला विसरतो. अशा माणसांना जयंती साजरी करण्याचा काय अधिकार?

तापाइतकंच आपलं थंडीकडं दुर्लक्ष. नवजात बाळाला चढलेल्या पाऱ्याइतकाच उतरलेला पाराही घातक असतो. बाळाचं अंग साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. कमी वजनाच्या बाळाला ऊब धरता येत नाही, ते गार पडतं, दूध ओढत नाही, जंतुसंसर्गाला बळी पडतं. आणि आपली रीत काय? बाळ जन्मलं की "विटाळ" धुवायचा म्हणून लगेच अंघोळ. चोवीस तास अंघोळ लांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईला विटाळ म्हणून घराच्या कोपऱ्यात, गार जमिनीवर गोणपाट टाकून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. पोर दगावलं की नशिबाला बोल लावला जातो. त्याच्या नशिबात गारठा लिहिणारे हात कुणाचे होते, हे कुणी बोलत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं हे नशीब बदलता येतं, हे गावात राहून सिद्ध केलं. ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांच्या हातात थर्मामीटर आणि वजनकाटा दिला, आणि त्या घरोघर जाऊन बाळाचं तापमान, वजन, श्वास बघू लागल्या. तीन वर्षांत त्या गावांतलं नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये हे काम छापून आलं आणि पुढं आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपानं देशभर गेलं. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ साली डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी त्याहून साधी गोष्ट केली. इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. आईची ऊब यंत्राची जागा घेऊ शकते, हे जगाला कळलं. ज्या आईला आपण विटाळ म्हणून दूर सारतो, तिच्याच कातडीत बाळाचं औषध असतं. आशाताई थर्मामीटर घेऊन दारात येते तेव्हा तिला ओट्यावरूनच परत पाठवणाऱ्या सासवा-सासऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं.

आता घराबाहेर या. ऊसतोडीला जोडपं जातं, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस फडात गेलं नाही की "खाडा" पडतो आणि पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त दंड मुकादमाच्या वहीत चढतो. ताप आला म्हणून झोपडीत पडून राहायचं, तर त्या दिवशीची मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. अंगावर काढण्याशिवाय त्या बाईपुढं दुसरी वाट आपण ठेवलेली नाही. ओटीपोटात संसर्ग, पांढरं जाणं, बारीक ताप, सगळं घेऊन ती मोळ्या वाहते. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जो संसर्ग वेळेवर ताप मोजून, तपासून, औषधानं बरा होऊ शकला असता, त्यासाठी एक अवयवच काढून टाकला, कारण अवयव काढला की खाडा पडत नाही. आपल्या चहातली साखर या हिशेबातून येते.

उन्हाचा तापही असाच. आजारातल्या तापात शरीर स्वतः पातळी वर नेतं. उष्माघातात शरीराची अंग गार ठेवण्याची यंत्रणाच कोसळते. आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या पुढं जातं, माणूस असंबद्ध बोलू लागतो, शुद्ध हरपते. तिथं पॅरासिटामॉल काही करत नाही. सावली, गार पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना, एवढंच त्याला वाचवतं. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले, तेव्हा त्या शहरानं २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवला. विदर्भातली शहरंही पुढं त्या वाटेनं गेली. पण आराखडा कागदावर राहतो आणि रस्त्याचं डांबर दुपारी दोनलाच पडतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात सत्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं भर उन्हात बसवली गेली आणि चौदा जण गेले. व्यासपीठावर छत होतं. छत कुणासाठी आणि ऊन कुणासाठी, हे आपल्याकडं आधीच ठरलेलं असतं. आपण हळहळलो आणि विसरलो.

मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात. शहरात बसून आपण त्यांना अडाणी म्हणतो. पण दवाखान्यात शिरताच "डॉक्टर, सुई टोचा, सलाईन लावा, उद्या कामावर जायचंय," म्हणणारे आपण कोणत्या तोंडानं त्यांना हसतो? साध्या विषाणूच्या तापाला प्रतिजैविक मागायचं, डॉक्टरनं नाही म्हटलं तर दुसरा गाठायचा, तीन दिवसांनी बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यावर टाकायच्या. मेळघाटातल्या माउलीपासून दवाखाना कित्येक कोस दूर असतो. आपल्यापाशी तो कोपऱ्यावर आहे आणि शाळेत शिकलेलं विज्ञानही आहे. अधिक दोष कुणाचा?

"हे सगळं खरं, पण घर कसं चालायचं?" असं मला विचारलं जातं. हातावर पोट असणाऱ्यानं हे विचारलं तर माझी मान खाली जाते. त्याला पगारी आजारपणाची सुट्टी न देणारा कायदा, दंड लावणारा मुकादम, रोजंदारी कापणारा ठेकेदार आणि हे सगळं मुकाट्यानं बघणारे आपण, हे त्याचे गुन्हेगार आहेत. पण तोच प्रश्न चार खोल्यांच्या घरात राहणारा, दोन वेळा गरम जेवणारा माणूस विचारतो, तेव्हा मी त्याला एवढंच म्हणतो की तुमचं घर एका आजारी बाईच्या पाठीवर चालत असेल, तर ते दोन दिवस बंद पडलेलं बरं. भात लावायला पुरुषाच्या हाताला पाप लागत नाही.

करायचं काय, ते अवघड नाही. घरात थर्मामीटर असेल तर तो घरातल्या प्रत्येकासाठी असू द्या, शेवटी जेवणाऱ्या माणसासाठीही. दोन आठवडे खोकला राहिला किंवा रोज संध्याकाळी कणकण आली, वजन उतरलं, तर सरकारी केंद्रात थुंकी तपासा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि त्यातल्या कित्येकींना घरच्यांच्या नजरेची भीती रोगापेक्षा जास्त वाटते. बाळ-बाळंतिणीला कोरडी, उबदार जागा द्या, विटाळ हा शब्द घरातून काढून टाका. कामवाल्या मावशींना ताप असेल तर पगारासकट सुट्टी द्या. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, कारखान्यात आजारपणाच्या दंडाविरुद्ध ठराव मांडा. आणि कुणी "तिनं सगळं अंगावर काढलं हो" असं कौतुकानं म्हणालं, तर तिथंच थांबवून विचारा, "तुम्ही तेव्हा कुठं होता?"

वहिनी बरी झाली. औषधाचा एकही दिवस तिनं चुकवला नाही. पण उजव्या बाजूचं फुप्फुस पूर्वीसारखं झालं नाही, माडीवर येताना ती मधल्या पायरीवर थांबते. गेल्या दिवाळीला दादाचं कपाट आवरताना ती डबी सापडली. काच शाबूत, पारा शाबूत. दादानं ती बराच वेळ हातात धरली. मग काही न बोलता पारा झटकला, नळी धुतली आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनीसमोर धरली. तिला काहीच झालेलं नव्हतं. तरी तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं, स्टुलावर बसली आणि पारा चढून थांबेपर्यंत उठली नाही.